कोत्रबाचं व्हिएन्ना

ब्रेत्स्लावमधल्या कुणालाही दोन दिवस व्हिएन्नाला जाऊन यायचं असलं, की तो आधी व्लास्तिमिल कोत्रबाच्या स्वयंपाकघरात जातो. व्हिएन्ना सरहद्दीपलीकडे, पण आमच्या गावापासून आगगाडीने जेमतेम तासाभरावर. तरीही कोत्रबाला न विचारता परस्पर निघणं आमच्याकडे उर्मटपणाचं समजतात. हा माणूस चाळीस वर्षं ब्रेत्स्लाव स्टेशनात गाड्या सोडायच्या कामावर होता. निवृत्त झाल्यावर तो माणसं सोडायला लागला.

जाताना घरी भाजलेलं काहीतरी न्यायचं, एवढीच त्याची फी. शेजारच्या शेबेस्तोवाबाई खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, नेतात. दारात बूट काढायचे, टेबलापलीकडच्या खुर्चीत बसायचं. कोत्रबा नकाशा पसरतो, पेन्सिलीला टोक काढतो आणि डॉक्टरच्या थाटात विचारतो, "किती जण? किती दिवस? गुडघे कसे आहेत?"

गुडघे बरे असले तर कॅथेड्रलचा दक्षिणेकडचा मनोरा, पायऱ्या तीनशे त्रेचाळीस. दुखत असले तर उत्तरेकडचा, तिथे लिफ्ट आहे. राजवाडा बघायचा तर बसगाड्या भरून लोक यायच्या आत. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतोच, तो मागून स्वतःचं हसं करून घेऊ नये. आणि प्रत्येक कागदावर पहिली ओळ ठरलेली: रविवारी दुकानं बंद, लागेल ते घरून न्या. गाव परत येऊन सांगायचं, "व्लास्तो, मिनिटाचा फरक नाही पडला!" कोत्रबा ते ऐकून घ्यायचा, जणू ते शहर त्यानेच बांधून घेतलं होतं.

गंमत एवढीच, की कोत्रबाने व्हिएन्ना पाहिलेलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा त्याने मधुचंद्रासाठी व्हिएन्नाला जायचा अर्ज केला होता. तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती आणि सरहद्द बंद होती. नकार आला, कारण दिलं नव्हतं. त्याने पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार. मग वर्षानुवर्षं तो रोज फलाटावर उभा राहून व्हिएन्नाच्या गाडीला निशाण दाखवत राहिला. शिपाई डब्यांखाली कुत्री सोडून तपासणी करायचे, आणि गाडी त्याच्याशिवाय निघून जायची. पुढे सरहद्द उघडली. आठवड्याभरात सगळं गाव व्हिएन्ना बघून आलं. बायको, द्राहोमीरा, बॅग भरून तयार होती. कोत्रबा म्हणाला, "जरा गर्दी ओसरू दे."

ती काही ओसरली नाही. खरं सांगायचं तर तो रुसला होता. एवढं ताटकळत ठेवल्यावर आता व्हिएन्नानेच येऊन मनधरणी करावी, असं काहीसं त्याच्या मनात असावं. रुसलेल्या माणसाबरोबर द्राहोमीराचीही वर्षं गेली, हे मात्र त्याच्या कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी त्याच्या दारावरची घंटा वाजली. बाहेर द्राहोमीरा, हातात कोलाच्यांची ताटली. तिने रीतसर बूट काढले आणि ती पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसली.

"हे काय नाटक?"

"सल्ला घ्यायला आलेय. विचार की."

"किती जण?" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

"एक."

"एक? अगं, वेड लागलंय का तुला? आपण वसंतात जाऊच ना."

"हा कितवा वसंत, व्लास्तो? पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नंतर कशी चालेन, ते डॉक्टरही सांगत नाही. मला तिथल्या त्या मोठ्या आकाशपाळण्यात बसायचंय. लग्नाच्या वर्षीच बसायचं होतं."

"एकटी जाणार? सोबत कुणी नको?"

"एक जण होता मनात. पण त्याची गर्दी ओसरायचीय अजून."

कोत्रबा बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसला. मग त्याने आयुष्यातला सगळ्यात सुंदर कार्यक्रम आखला. रविवारी सकाळची गाडी, सोमवारी संध्याकाळी परत. कुठे बाकावर टेकायचं, कुठल्या ट्रामची पायरी बुटकी, सगळं. शनिवारी त्याने स्वतः रिझेक तळले. ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे काप पावात घालून नेल्याशिवाय आमच्याकडचं माणूस सरहद्द ओलांडत नाही, पलीकडे लोक उपाशी राहत असल्यासारखं.

रविवारी तो स्टेशनवर गेला नाही. म्हणाला, "सगळं कागदावर लिहिलंय." द्राहोमीरा बॅग उचलून निघाली. पाच मिनिटांनी त्याची नजर टेबलावर गेली. रिझेकची पुडी तिथेच!

तो होता तसा धावला. फलाटावर पोचला तेव्हा गाडी लागलेली होती. डब्यात चढून, धापा टाकत, त्याने पुडी तिच्या मांडीवर ठेवली.

"विसरलीस."

"विसरले नाही. ठेवून आले होते."

तो उभाच राहिला. ती साळसूदपणे म्हणाली, "उतर ना मग, सुटेल गाडी!"

गाडी कधी सुटते हे अख्ख्या ब्रेत्स्लावमध्ये कोत्रबाइतकं कुणालाच कळत नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि तो तिच्या समोरच्या जागेवर बसला. दार लागलं.

"सुटली," तो म्हणाला.

द्राहोमीराने पर्समधून दोन तिकिटं काढून खिडकीशी ठेवली. मग तिचं लक्ष खाली गेलं. त्याच्या पायांत घरातल्या, चौकटीच्या लोकरी सपाता होत्या.

"अरे देवा! व्लास्तो, बूट?"

"तिथे घेऊ," तो म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "आज रविवार."

"माहितेय. पहिलीच ओळ आहे." ती इतकी हसली, की पलीकडच्या बाकावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं.

सरहद्द कधी मागे गेली ते कळलंही नाही. ना शिपाई, ना कुत्री, नुसती नांगरलेली शेतं. कोत्रबा खिडकीकडे तोंड करून रडत होता आणि द्राहोमीरा त्याला रडू देत होती.

व्हिएन्नाच्या स्टेशनात तो सपातांवर उतरला आणि दोन पावलांवर थांबला. लोक धक्के देत पुढे जात होते. ज्याला इथला प्रत्येक जिना पाठ होता, तो बायकोचा हात घट्ट धरून विचारत होता, "द्राहुश, आता कुठे जायचं?"

तिने त्याच्याच अक्षरातला कागद उघडला. "डावीकडे," ती म्हणाली. "सावकाश चल, माझे गुडघे दुखतात."