जिफारेने उचललेली चुकीची काठी

आमच्या कोफेले गावात जिफारेइतकी फटकळ बाई दुसरी नाही, आणि हे मी म्हणतेय म्हणजे बघा. चाळीस वर्षं आमच्या दोघींचं कुंपण एक आहे. नवऱ्याला ती चारचौघांत नावं ठेवते. न्यायनिवाडा करणाऱ्या वडीलधाऱ्यांना 'झाडाखालचे घोरणारे' म्हणते, आणि ते घोरतातही.

लग्नात आईने दिलेलं सिंके, म्हणजे ती बारीक सरळ काठी, आम्ही सगळ्या दाराआड ठेवतो. भांडणात बाई ती धरून मध्ये उभी राहिली की कितीही माजलेला पुरुष हात खाली घेतो. नाही घेतला, तर त्याच्याशी कुणी बोलत नाही.

गेल्या कापणीला जिफारेचा एकुलता एक मुलगा हिर्फा आणि तिचा धाकटा दीर तुफा दोघांच्या शेतांमधल्या हातभर रुंदीच्या सातूच्या पट्टीवरून भिडले. दोघांकडे भाले. एक तरी मरणार हे उघड होतं. जिफारे चुलीवरची लापशी टाकून, दाराआडची काठी ओढून धावली आणि मध्ये उभी राहिली.

तुफाने काठी निरखली. "वहिनी, ही दादाची गुरं हाकायची काठी. भांडण सोडवायला आलात की मारायला?"

"आई, बाजूला हो," हिर्फा म्हणाला. "ही नाही चालत."

दुसरी रडली असती. जिफारे म्हणाली, "चालत नाही हे मला शिकवतोस? खरी घेऊन येते. तोवर हलून तर दाखवा, मग बघते." आणि चालू पडली.

आता या दोन गाढवांची पंचाईत. सिंके आणायला बाई गेल्यावर भाला चालवायचा, म्हणजे सिंकेच मोडल्यासारखं. राहिले उन्हात उभे. जिफारेने घाई केली नाही. लापशी उतरवली, मग दारोदार हाका मारल्या. गुडघे सांभाळत मीही माझं सिंके घेऊन निघाले. आम्ही बारा जणी पोचलो तेव्हा दोघे भाल्यांना टेकून उभे होते आणि तुफा पुतण्याकडे पाणी मागत होता.

सिंके घेऊन आम्ही त्या पट्टीवरच बसलो. निकालाशिवाय उठायचं नाही, असं जिफारेने बजावलं. वडीलधारे आले आणि लांबलचक आशीर्वाद देऊ लागले. ते नंतर द्या, आधी पट्टीचं बोला, म्हणून तिने त्यांना गप्प केलं. संध्याकाळी बारा घरांच्या गाई हंबरू लागल्या. धारा आम्हीच काढतो, आणि त्यांतली चार घरं वडीलधाऱ्यांचीच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना बरंच सुचलं. पट्टी दोघांचीही नाही, तिथून पाण्याची वाट जाईल, आणि काका-पुतण्यांनी मेंढा कापून एका ताटात जेवावं.

"काकाला आधी वाढ," जिफारे म्हणाली.

हिर्फाने वाढलं. तुफाने ताटात पाहिलं. "चरबीचा तुकडा स्वतःकडे ठेवलास रे."

हिर्फाचा जबडा आवळला. मग त्याने तो तुकडा उचलून काकाच्या हातावर ठेवला.