साडूंचा पहिला डोस

यवतमाळ जिल्ह्यात माणसानं कुठंही खुशाल फिरावं, पण कडेवर तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर ढाणकीला माझ्या थोरल्या साडूंच्या दुकानावरून जाऊ नये, असं मी एके काळी सांगत असे. लेकरू परत मिळे, नाही असं नाही; फक्त ते उचलून न्यायला दुसरा माणूस सोबत लागे.

साडूंचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. उभी हयात खतं विकून या जगाविषयी त्यांचं एकच मत पक्कं झालं होतं: जे काही वाढतं ते पेरणीच्या वेळच्या डोसावर. मग ती कपाशी असो, तूर असो, की कोणाचं पोट्टं असो. "सुरुवातीलेच खुराक टाकला ना साडभाऊ, मंग पिकाले कायची चिंता नाही," असं ते मला दर भेटीत सांगत, आणि सांगता सांगता माझ्याही ताटात तूप ओतत. दुकानात आलेलं प्रत्येक लेकरू काखेत हात घालून ते गोणीसारखं वरखाली करत, डोळे मिटत आणि निकाल देत, "उगवण चांगली हाय. वाढ नाही." माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिला असंच तोलून त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि विचारलं, "हे बियाणं कोन्या कंपनीचं?" माझी बायको आठवडाभर बोलली नाही. त्यांच्याशी नव्हे, माझ्याशी!

निकाल लागला की डोस सुरू. गल्ल्याशेजारच्या खणात बिस्किटं, घरातून दुधाची वाटी, त्यात हात सैल सोडून साखर आणि वर बिस्किटाचा चुरा. घरात शिरा झाला असेल तर त्याच्यावर तूप असं तरंगे, की चमचा आधी पोहायला शिकला पाहिजे. लेकरानं तोंड मिटलं की खरा तमाशा. साडू टोपी उलटी करत, गाल फुगवून हॉर्न वाजवत आणि गर्जत, "चला, उमरखेड गाडी आली! दार खोला, पॅसेंजर खोळंबले!" लेकरू खुदकन हसे आणि पॅसेंजर आत. एकदा फवारणीचं औषध न्यायला आलेला एक शेतकरी हा खेळ आ वासून पाहत होता. साडूंनी त्याच भरात एक चमचा त्याच्याही तोंडात सोडला. त्या भल्या माणसानं मुकाट्यानं गिळला आणि पुन्हा आ केला.

पुढे त्यांना स्वतःचा नातू मिळाला आणि साडूंच्या शेतीला जणू कॅनॉलचं पाणी लागलं. त्यांची मुलगी उमरखेडला बँकेत नोकरीला. ती रोज सकाळी लेकरू आजोळी सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. दीड वर्षाचा तो बादशहा मांड्यांच्या वळ्यांवर असा बसे, की उठायचं कारणच त्याला सापडत नसे. त्याच्या वयाची पोरं दुकानभर पळत, हा बसल्या जागेवरून बोट दाखवे. साडू अभिमानानं म्हणत, "राजा मानूस. राजा कधी पयते का?"

डॉक्टरांनी मात्र लेकीला स्वच्छ सांगितलं. वजन वयाच्या फार पुढं गेलंय. साखर बंद करा, घरचं साधं खाऊ द्या, आणि त्यानं तोंड फिरवलं की थांबा. भूक नसताना खायची सवय आत्ताच लागली, तर मोठेपणी लठ्ठपणानं पाठ सोडणं कठीण. लेकीनं हे बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "डागदरले काय, सुकडे पोट्टे पाहाची सवय हाय." आणि दुसऱ्याच शनिवारी, सुट्टीच्या दिवशी माहेरी आली तेव्हा, तिनं त्यांना खताच्या थप्पीमागं शिऱ्याच्या वाटीसह रंगेहाथ पकडलं. मीही तिथंच होतो.

ती ओरडली नाही. लेकरू उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "बाबा, सोमवारपासून हा उमरखेडच्या पाळणाघरात जाईल."

साडूंचा चेहरा असा उतरला, की मला तो पाहवेना. हा माणूस सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी रस्त्यावर येऊन लेकीच्या गाडीची वाट पाहत उभा राहायचा. ते काही बोलणार, तेवढ्यात एक गिऱ्हाईक उपटलेली पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, खांद्यावर टाकून तक्रार घेऊन आलं. झाड छातीइतकं उंच, हिरवंगार, घनदाट. आणि बोंड औषधाला नाही.

लेकीवर काढता न आलेला सगळा राग साडूंनी त्याच्यावर काढला. "युरिया किती देल्ला बे?"

"देतच गेलो भाऊ. पीक मस्त दिसून राह्यलं होतं."

"दिसून राह्यलं होतं! पराटीनं मांगतला होता का तुले? भूक नाही तरी कोंबतच गेला! आता पाह्य. वरतून गबरू अन् आतून पोकळ. उद्या कीड येईन तेही हिलेच पयले धरीन. लाड कराचे म्हून कोनी इतकं..."

आणि साडू थांबले. लेकीनं पराटीकडं पाहिलं, मग कडेवरच्या लेकराकडं. आतून माझ्या मेहुणीचा आवाज आला, "काहून थांबले? बोला ना आनखी!"

साडू माझ्याकडे वळले. "साडभाऊ, तुमी कायले हासून राह्यले?"

मी हसत नव्हतो. म्हणजे, तोंडावर रुमाल होता.

मग ते लेकीला हळूच म्हणाले, "एक महिना दे मले. तू सांगशीन तसं." तिनं दिला. तो महिना सरला, पुढचेही सरले, आणि पाळणाघराचं नाव कोणी काढलं नाही. साडू आता दुकानात येणाऱ्या बायांना तितक्याच दहशतीनं उलटं सांगतात, "साखर कायले देते वं? मऊ वरन-भात दे. तोंड फिरवलं का वाटी खाली! थांबाले शीक!" थांबायला शिका हे ते इतक्या जोरात सांगतात, की लेकरं दचकून रडतात.

परवा गेलो तेव्हा नातू दुकानभर पळत होता. साडूंनी त्याला धरून समोर बसवलं, वरण-भात भरवायला घेतला. चार घास झाले आणि पोरानं मान वळवली. चमचा हवेतच राहिला. वाटीत अर्धा भात उरला होता. पण साडूंनी चमचा वाटीत ठेवला, पोराचं तोंड पुसलं आणि त्याला सोडून दिलं.

तेवढ्यात त्यांचा थोरला मुलगा गोदामातून आला, धापा टाकत. लहानपणी सुदृढ बालक स्पर्धेत पहिला नंबर काढलेला, अंगानं अवाढव्य, स्वभावानं लोणी. पंचविशीतच रक्तदाबाची गोळी सुरू झालेली. चार पायऱ्या चढून तो दाराला टेकला. साडूंनी त्याच्याकडे पाहिलं.

"हा बी लहानपनी तोंड फिरवत होता साडभाऊ," ते अगदी हळू म्हणाले. "मले वाटे, खेळून राह्यला."

"काय म्हनता बाबा?" मुलानं विचारलं.

साडूंनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "काही नाही रे. बस. दम घे."