फटफटीचं तेल

आज दारावरून एक जुनी फटफटी निळा धूर सोडत गेली. त्या वासानं मी भवानी पेठेतल्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

बाबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्यांची फटफटी अंगणात उभी होती, तिला कुणी हातही लावत नव्हतं. फक्त दर सोमवारी इंजिनाच्या तेलाच्या टाकीत काडी घालून बघायची बाबांची सवय आईनं पुढं चालवली. दर सोमवारी तेल कमी झालेलं असायचं, आणि फरशीवर एक थेंबही नसायचा.

"तुजं बाबा रातचं गाडीवरनं फिरून येत्यात की," आई हळूच म्हणायची आणि पुन्हा तेल भरायची. त्या दिवशी ती एक भाकरी जास्त खायची. माझ्या मात्र अंगावर काटा यायचा.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण भीतीपोटी एकदा गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी प्लग काढून किक मारली, तसं भोकातून काळं तेल उसळून भिंतीवर उडालं.

"वैनी, आतली झडप झिजलीय. उभ्या गाडीत टाकीतलं तेल इंजिनात उतरतंय. तुमी वरनं भरताय, ते सिलिंडरपातूर चढलंय."

त्यांनी झडप बदलली. पुढच्या सोमवारी आईनं काडी घातली. तेल तेवढंच होतं. काडी पुसून तिनं पुन्हा घातली. मग, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, ती रडली.

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता आमचे हे गेल्यावर कळतं, त्या दिवशी मी घरातून कुणाला घालवलं ते.