अण्णा कोणाच्या बाजूने

फोन वाजून वाजून बंद झाला की मी तो लगेच परत लावते. ही सवय जुनी आहे. आईअण्णा वेल्हे तालुक्यात, विंझरच्या पुढे आत डोंगराच्या कडेला, दोघंच राहतात. मी भोरला, धाकटा भाऊ पुण्याला. आडवेळेला तिकडे काही झालं तर आपल्याला कळणार कसं, हा प्रश्न लग्न होऊन भोरला आले तेव्हापासून माझ्या उशाशी आहे. नवऱ्याचं म्हणणं, तुला काळजी करायला आवडतं. आवडतं कुणाला? पण कुणीतरी ती करायला हवी, आणि आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आलंय.

गेल्या गणपतीपर्यंत या काळजीची एक सोय होती. तिकडच्या घरी रेंज येते ती फक्त पडवीत, दरीकडच्या खांबापाशी. त्या खांबाला खिळा ठोकून बटणांचा जुना फोन कापडी पिशवीत टांगलेला असायचा. दिवेलागणीला मी फोन करायचे, आई उचलायची आणि दोन गोष्टी बोलून अण्णांकडे द्यायची. अण्णांचं बोलणं ठरलेलं. बरी हाईस ना, पोरं बरी हायत ना, तिकडं पाऊस काय म्हंतोय. एवढं झालं की फोन परत आईकडे. ते फोनवर कधीच जास्त बोलले नाहीत, त्यामुळे मलाही तेवढं पुरायचं. आवाज ऐकला की मी पोळ्यांना लागायचे.

गणपतीला भाऊ नवा फोन घेऊन आला. तेव्हा तो नुकता बाजारात आला होता आणि तो येण्याच्या महिनाभर आधीपासून भाऊ त्याच्याबद्दल असा बोलत होता की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात बाळ येणार आहे. एक त्याने स्वतःला घेतला, तसाच दुसरा आईअण्णांना. जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं आणि म्हणाला, "ताई, नुसत्या आवाजावरून काय कळतं? आता रोज डोळ्यांनी दिसतील दोघं."

मी लगेच भांडायला बसले. माझा स्वभावच तसा आहे. असला काचेचा, साबणाच्या वडीसारखा हातातून सटकणारा फोन आई खिळ्याला टांगणार आहे का? आणि टांगणार नसेल तर रेंज कुठून येणार? भाऊ म्हणाला, हा फोन रेंज जास्त पकडतो. मी म्हणाले, तू बघितलीस? तो म्हणाला, कंपनीने सांगितलंय. मग काय, मला बोलायला रानच मोकळं झालं.

आमचं चाललेलं असताना अण्णांनी फोन हातात घेतला. पुढून बघितला, मागून बघितला, सतरंजीवर ठेवला आणि अंगणाकडे बघत बसले.

"बघ, अण्णांना पसंत नाही," मी म्हणाले.

"अण्णा विचार करतायत," भाऊ म्हणाला.

त्या दिवशी मी अण्णांना माझ्या बाजूने धरून टाकलं.

भोरला परतले तर इथेही तोच फोन. मी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. तिथल्या ज्युनियर वकिलाने तोच फोन घेतला होता आणि अशिलासाठी भांडावं तसा तो त्या फोनसाठी भांडायचा. मोठे वकीलसाहेब विरुद्ध बाजूला. फोन गरम होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ज्युनियर म्हणायचा, सगळेच होतात, साहेब. मी दोघांचं ऐकत टाईप करायचे आणि भावाच्या विरोधात कामाला येईल तेवढं लक्षात ठेवायचे. घरी नवरा भावाच्या पक्षात गेला होता. त्याला तो फोन घ्यायचा होता, दुसरं काही नाही.

पुरावे गोळा करायला फार कष्ट पडले नाहीत. तिकडे फोन लागेचना. भावाचा व्हिडिओ कॉल वाजत राहायचा किंवा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर असल्याचं ऐकू यायचं. मग कधीतरी दुपारी आईचा साधा फोन यायचा. "रेंजच न्हाई गं ह्याला," ती सांगायची. मी ते शब्द जसेच्या तसे घरच्या ग्रुपवर टाकायचे. भाऊ लिहायचा, मी स्वतः खांबापाशी उभा राहून बघितलंय, पूर्ण रेंज आहे, आईला जमत नाहीये. मी लिहायचे, आईला जमतंय, फोनला जमत नाहीये.

एकदा आई म्हणाली, "फोन सापडत नव्हता. तुझ्या अण्णांनी तांदळाच्या डब्यात घालून ठिवला हुता."

मी हसत सुटले. ग्रुपवर लिहिलं, अण्णांनी फोनसाठी योग्य जागा शोधली. त्यावर भावाचं उत्तर तयार. फोन भिजला असेल, ओल ओढून घ्यायला तांदळातच ठेवतात, अण्णांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. नवऱ्याने त्याखाली टाळ्यांचं चित्र टाकलं. त्या एका डब्यावरून आमचा वाद दिवसभर रंगला, ऑफिसातही मी तो किस्सा सांगितला, आणि तिथेही दोन्ही बाजूंनी अण्णांना साक्षीदार म्हणून उभं करून झालं.

त्यानंतर आईने असं काही सांगणं बंद केलं. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. फोन आला की अण्णा नेमके नसायचे. शेताकडं गेल्यात. आत्ताच डोळा लागलाय. गोठ्यात हायत, हाक दिली तर ऐकू जायचं न्हाई. मी प्रत्येक वेळी फोनलाच शिव्या घातल्या. जुना खांबाला होता तेव्हा अण्णा हाकेच्या अंतरावर असायचे, असं भावाला सुनावलं.

मग एक दिवस ऑफिसात एक प्रतिज्ञापत्र टाईप करता करता मला एकदम वाटलं, नवरात्र गेलं, दिवाळी तोंडावर आली, आणि मधल्या दिवसांत मी अण्णांचा आवाज ऐकलेलाच नाही. भावाने ऐकलाय का? तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, "नाही, पण मला वाटलं तुझ्याशी बोलतात." मी आईला फोन लावला. लागला नाही. परत लावला. ज्युनियर शेजारी उभा राहून म्हणाला, ताई, फोन बंद करून चालू करायला सांगा त्यांना. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो कोर्टात निघून गेला.

मनात नाही नाही ते आलं. अण्णा पडले असतील. अंथरुणाला खिळले असतील. आई लपवत असेल. त्याहून वाईटही आलं, पण ते लगेच बाजूला सारलं, कारण तसं असतं तर गावाने कळवलं असतं. स्वतःची अशी समजूत घालत मी ती रात्र काढली आणि सकाळी रजा टाकून नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसले.

भाटघर मागे पडलं. कापूरहोळला चहाला थांबलो तेव्हा नवरा म्हणाला, "पोचल्यावर आधी मी रेंज तपासतो. एकदाचा निकाल लागू दे तुमच्या खटल्याचा." एरवी मी त्याला चांगलं ऐकवलं असतं. त्या दिवशी मी चहा अर्धाच ठेवून गाडीकडे निघाले. हायवे सोडून नसरापूरच्या फाट्यावरून आत वळलो. विंझरपर्यंत मी त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ताच बघत होते.

आई अंगणात भात वाळवत होती. आम्हाला बघून दचकली आणि आत बघून मोठ्याने म्हणाली, "अवो, पोरगी आलीया भोरची. जावई बी हायत."

अण्णा पडवीत खांबाला टेकून बसले होते. पाय धड, हात धड, तोंडावर तेज. "आलीस का? ये," म्हणाले.

मला रडूच आलं. मी पाया पडण्याच्या निमित्ताने ते लपवलं. सगळा राग आता मोकळा झाला आणि परत जाऊन पडला तो फोनवर. एवढ्याशा यंत्रापायी मी रात्रभर मरत होते. चहा होईपर्यंत मी नवऱ्याला ते सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे आईला विचारून कपाटातून फोन काढून आणला. तो एका जुन्या ओढणीत गुंडाळलेला होता. खांबापाशी येऊन त्याने पडदा माझ्यासमोर धरला. रेंज पूर्ण होती, बॅटरीही पूर्ण होती.

तेवढ्यात फोन वाजला. भावाचा व्हिडिओ कॉल. मी त्याला सकाळीच कळवलं होतं. नवरा उचलणार, तर आईने पुढे होऊन त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि मांडीवर पालथा घातला. तो वाजायचा थांबेपर्यंत वरून हात दाबून बसली.

"रेंज न्हाई," ती म्हणाली.

नवरा तसाच हात पुढे करून उभा. मग गाडीचं काहीतरी बघायचंय असं म्हणत तो अंगणाबाहेर गेला. समंजस माणूस आहे, मी उगीच बोलते.

"आई, रेंज आहे."

"व्हय. हाय." ती मांडीकडेच बघत होती. "जुन्या फोनात बरं हुतं. आवाज तेवढा जायाचा. मी जवळ उभी ऱ्हाऊन सांगायची, आता पोरीला इचारा, आता पोरांचं इचारा. मी सांगंल तसं ह्ये बोलायचं. ह्यात समदं दिसतं. कुठं बोट लागलं की दिसायला लागतं त्ये मला कळत न्हाई. म्हून कपाटातच ठिवला."

"कधीपासून?"

"लावणीच्या टायमापासनं. एकदा शेताकडनं घराची वाट सापडंना. मंग गुरांची नावं इसरली. मंग मानसांची."

मला तिचा भयंकर राग आला. खरंच, आधी रागच आला. एवढं मोठं, आणि मला नाही? मी आवाज चढवून विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की," आई म्हणाली. "फोन तांदळात घातला, सांगितलं न्हाई का? तुमी दोगं हसलासा."

आई पदराने फोनची काच पुसत राहिली. "कळलं की तुमी त्यास्नी पुन्याला न्याल," ती म्हणाली. "तिथं त्यास्नी काय उमजंल? हितं निदान गोठ्याची वाट पायास्नी ठावी हाय." मी म्हणाले, कुठे नेणार नाही, फक्त भोरला डॉक्टरांना दाखवू. ती काच पुसतच राहिली.

अण्णा आमच्याकडे बघत होते. चेहरा प्रसन्न होता, आल्यागेल्याकडे बघताना असतो तसा. आल्या आल्या ते मला "आलीस का" म्हणाले होते. पण त्याआधी आईने पोरगी आल्याचं ओरडून सांगितलं होतं. तिने सांगितलं नसतं तर? मी समोर बसले होते, विचारून बघता आलं असतं. माझी हिंमत झाली नाही.

फोन परत वाजला. आईने माझ्याकडे बघितलं. या वेळी तिने तो दाबून धरला नाही, माझ्या हातात दिला. मी उचलला.

"लागला!" भाऊ पडद्यावर खळखळून हसला. "काय म्हणत होतो मी? आहे की नाही रेंज?"

"आहे," मी म्हणाले. "फोन चांगला आहे."

हे त्याने माझ्याकडून कधी ऐकलं नव्हतं. "काय झालं ताई? अण्णा बरे आहेत ना?"

"बस तू जरा," मी म्हणाले. "अण्णांशी बोल."

आईने घाईघाईने अण्णांची टोपी सरळ केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मी फोन त्यांच्यासमोर धरला. अण्णांनी वाकून नीट बघितलं आणि हात जोडले. "रामराम."

भावाला वाटलं, अण्णा आज रंगात आलेत. त्यानेही हात जोडले. "रामराम अण्णा. आवडला का फोन?"

"चांगला हाय. तुमी कुठलं म्हनायचं?"

आई सवयीने त्यांच्या कानाशी वाकली. मग आपणही दिसतोय हे तिला कळलं असावं. ती तोंडाला पदर लावून मागे सरकली.

मी फोनच्या मागे होते, पण कडेने मला भावाचा चेहरा दिसत होता. तो माझं नाव घेऊन हाक मारेल असं वाटलं. त्याने मारली नाही. म्हणाला, "हितलाच, अण्णा." पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून मी ही बोली ऐकली नव्हती.

"हितलं?" अण्णांना बरं वाटलं. ते आणखी पुढे वाकले, त्याचा चेहरा न्याहाळला आणि कसलाही राग न धरता, एस्टीच्या थांब्यावर कुणालाही विचारावं तसं विचारलं, "मंग कदी दिसला न्हाईत त्ये?"

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला. मी फोन तसाच समोर धरून ठेवला.