आईने मागून घेतलेली मूस

कपाट आवरताना साड्यांमागे ती मूस सापडली. सोनं वितळवायची मातीची वाटी, आतून काचेसारखी गुळगुळीत. बोट फिरवलं आणि मनाने मी लहानपणीच्या हर्णैच्या सोनाराकडे पोचले.

आई मासळी विकायची. आजी गेल्यावर तिची पाटली मोडून आम्हा बहिणींना कानातलं करायचं होतं. सोनाराने नवी मूस निखाऱ्यांत ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, तोंड फिरवा. बायकांना बघवत नाय."

"कशाला फिरवू? माझ्या आयशीचं सोनं हाय."

पाटली वाकली, नक्षी विरली, मुशीत एक तांबूस थेंब थरथरला. आजीचं आता काहीच उरलं नाही, असं वाटून मी रडवेली झाले. सुक्या मासळीच्या वासाची आई मात्र बघत राहिली. तेव्हा मला ती कठोर वाटली होती. आज वाटतं, ती आजीला सोबत करत होती.

निघताना तिने मूसही मागून घेतली. चिकटलेले कण आपलेच, म्हणाली.

उद्या लेकीसाठी तेच कानातलं मोडायला चिपळूणला जायचंय. सराफ फोनवर म्हणाला, "ठेवून जा, आत वितळवून ठेवतो."

"माझ्यासमोर वितळवायचं," मी सांगितलं. "मूस मी घेऊन येते."