एर्विनचं पिस्तूल आणि नॉर्बर्टची सबब

नेमबाजी क्लबच्या फळ्यावर, शुक्रवारच्या फिश फ्रायचं पत्रक आणि तुंबलेल्या मोरीबद्दलची सूचना यांच्या मधोमध एक कार्ड टाचलेलं होतं. अक्षर पाहताच नॉर्बर्ट वाखोल्झची पाठ आपोआप ताठ झाली. तिसरीत असताना याच अक्षरात त्याच्या वहीवर 'पुन्हा लिही' असा शेरा पडायचा. कार्डावर लिहिलं होतं: 'कै. एर्विन प्रिबिल यांचं टार्गेट पिस्तूल, पॉइंट टू-टू, १९५६ सालचं. विकणे आहे. जो वापरेल त्यालाच. शनिवारी सकाळी नऊला रेंजवर यावं, आधी मारून बघावं, मग बोलावं. डेल्फिन प्रिबिल.'

नॉर्बर्टने कार्ड तीनदा वाचलं. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. बावीस वर्षं तो या पिस्तुलाबद्दल बोलत होता. पण तो कॉफी न घेताच घरी गेला.

टॅमरॅक फॉल्समध्ये नॉर्बर्टचं चष्म्याचं दुकान आहे. अर्ध्या गावाला आपल्यामुळे दिसतं, असं तो सांगतो आणि लगेच पुढे जोडतो, की पन्नास फुटांवरचा काळा ठिपका आपल्यालाही लख्ख दिसतो, फक्त आपल्या गोळीला दिसत नाही. स्वतःवर हसण्यात तो पटाईत आहे. दुसऱ्या कोणी हसायच्या आत आपणच हसून घेतलं की कमी लागतं, हे त्याला शाळेतच कळलं होतं.

विस्कॉन्सिनचा हिवाळा लांबलचक असतो आणि तो काढण्यासाठी दर मंगळवारी संध्याकाळी, बंद पडलेल्या लोण्याच्या कारखान्याच्या तळघरात पिस्तुलांची लीग भरते. एका हाताने नेम धरायचा, तीस गोळ्या, तीनशेपैकी गुण. एर्विन प्रिबिल दोनशे ऐंशीच्या खाली क्वचित यायचा. नॉर्बर्ट दोनशे साठच्या वर क्वचित जायचा. एर्विन त्याच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा होता, त्याला ऐकू कमी यायचं आणि जिना उतरताना तो कठड्याला धरायचा. असा माणूस दर मंगळवारी आपल्याला धूळ चारतो, याला काहीतरी कारण हवं. नॉर्बर्टने ते पहिल्याच हिवाळ्यात शोधून काढलं.

"तसलं पिस्तूल माझ्या हातात द्या, मग बघा," तो म्हणायचा.

हे वाक्य लीगमध्ये सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. नॉर्बर्टची तऱ्हा निराळी. त्याची तक्रार होती, की शेजाऱ्याचं अंगण फार सरळ आहे.

एक गोष्ट मात्र त्याने कोणाला, अगदी बायकोलाही सांगितली नव्हती. दर हिवाळ्यात एकदा तरी, बाकीचे कॉफीला गेले की एर्विन आपलं पिस्तूल रिकामं करून टेबलावर त्याच्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे, मार पाच." आणि दर हिवाळ्यात नॉर्बर्ट नको म्हणायचा. कधी मनगट दुखायचं, कधी चष्म्यावर वाफ यायची. एकदा तर तो म्हणाला, "नको बाबा, सवय लागेल." खरं कारण साधं होतं. त्या पाच गोळ्याही नेहमीसारख्याच लागल्या असत्या, तर उरलेल्या आयुष्यात त्याने बोलायचं काय?

लव्हॉन, त्याची बायको, ओट्यापाशी बटाटे सोलत होती.

"एर्विनचं पिस्तूल विकायला निघालंय," नॉर्बर्ट म्हणाला.

"मग घे."

"असं कसं घे? विचार करायला नको?"

"बावीस वर्षं दुसरं काय केलंस?"

"समजा घेतलं, आणि तरी दोनशे साठच आले तर?"

"तर तू दोनशे साठचा माणूस आहेस," लव्हॉन म्हणाली. "मी लग्न केलं तेव्हा तर कोणी मोजलंसुद्धा नव्हतं. घे एकदाचं. निदान मंगळवारी घरी आलास की काहीतरी नवं ऐकायला मिळेल."

शुक्रवारी दुकानात एक दूधवाला शेतकरी आला. नवा चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाला, की यात काहीतरी खोट आहे, वर्तमानपत्र वाचता येत नाही. नॉर्बर्टने चष्मा उजेडाला धरून तपासला आणि मधाळ आवाजात सांगितलं, "चष्मा उत्तम आहे. तुमच्या डोळ्यांचा नंबर बदललाय." हे वाक्य तो दिवसातून चारदा म्हणायचा. त्या दिवशी ते म्हणताना त्याचे कान लाल झाले आणि तो रुमाल शोधायला आतल्या खोलीत गेला.

शनिवारी उशिरा जायचं, म्हणजे दुसऱ्याच कोणीतरी ते घेतलेलं असेल, असा त्याने बेत केला होता. प्रत्यक्षात तो पावणेनऊलाच पोहोचला. तळघरातल्या रेंजवर एर्विनची बायको डेल्फिन प्रिबिल एकटीच होती. ऐंशी वर्षांची, एर्विनचं लोकरी जाकीट घातलेली, समोर थर्मास आणि डब्यात कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव. तीस वर्षं लीगची टार्गेटं तीच तपासत होती, तांबड्या पेन्सिलीने, आणि तिच्या गुणांवर आजवर कोणी ब्र काढला नव्हता.

"लवकर आलास," ती म्हणाली.

"रस्ता मोकळा होता, मिसेस प्रिबिल." तिसरीतल्या बाईंना अठ्ठावन्नाव्या वर्षीही डेल्फिन म्हणणं त्याला जमत नव्हतं.

"नऊपर्यंत थांबला असतास तर घरी पळाला असतास. म्हणून लवकर आलास. कोलाचा खा."

त्याने निमूटपणे खाल्ला. मग तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि त्याने ते आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. वजन नळीकडे जरासं झुकणारं, चाप लोण्यासारखा. अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीवर जिथे एर्विनचा अंगठा टेकायचा तिथे खळगा पडला होता. नॉर्बर्टचा अंगठा त्यात नीट बसला नाही. त्याला एकाएकी एर्विनची फार आठवण आली. जूनमध्ये दफनाच्या वेळीही इतकी आली नव्हती.

"भरून मी देणार," डेल्फिन म्हणाली. "एकेक. तू समोर बघ."

कानांवर आवाज अडवणारे इअरमफ चढवून तो उभा राहिला. ती त्याच्याकडे पाठ करून एकेक गोळी भरायची आणि पिस्तूल त्याच्यासमोर ठेवायची. पहिली दहाला लागली. दुसरी नऊला. नॉर्बर्टच्या छातीत काहीतरी फुलायला लागलं. म्हणजे आपण बरोबर होतो. बावीस वर्षं बरोबर होतो, आणि मूर्खासारखे नको म्हणत राहिलो. तिसऱ्यांदा त्याने नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.

खट.

बार उडाला नाही, धक्का बसला नाही. फक्त पिस्तुलाची नळी, चर्चमध्ये डुलकी लागलेल्या म्हाताऱ्याच्या मानेसारखी, खाली डावीकडे गेली. ती गेलेली त्याने स्वतः पाहिली आणि डेल्फिनने पाहिली.

तिने पिस्तूल घेऊन उघडलं. आतून भिंतीत स्क्रू बसवण्याची पिवळी प्लास्टिकची खुंटी निघाली. जाडी गोळीएवढीच. ही युक्ती नॉर्बर्टला माहीत नव्हती असं नाही. दर सप्टेंबरात नव्या सभासदांना तो स्वतःच ती करून दाखवायचा. गोळी आहे की खुंटी, हे मारणाऱ्याला कळत नाही. गोळी असली तर तिच्या धक्क्यात सगळं झाकून जातं. खुंटी असली, की हात आधीच दचकतो ते उघडं पडतं. दचकणं हा नवशिक्यांचा आजार, अशी त्याची आजवरची समजूत होती.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"पहिल्या हिवाळ्यापासून. तुझी सगळी भोकं खाली डावीकडे. टार्गेटाला घड्याळ समजलं, तर बावीस वर्षं दर मंगळवारी तुझे सात वाजतायत."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होते. एर्विन नको म्हणाला. म्हणाला, त्याला ते वाक्य बोलायला आवडतं, बोलू दे. कधीतरी पिस्तूल हातात घेईल, तेव्हा आपोआप कळेल." तिने खुंटी जाकिटाच्या खिशात टाकली. "तोही दचकायचाच."

"कोण, एर्विन?"

"शेवटपर्यंत. चाळीस वर्षं दर शनिवारी मी इथे उभी राहून त्याला भरून देत होते. एक गोळी, दोन खुंट्या. चार शनिवार चुकले की त्याचीही भोकं खाली सरकायची."

नॉर्बर्ट बाकावर बसला. तो इथे पिस्तुलावर जळत होता आणि म्हातारा आठवड्याला एकदा बायकोकडून धडा गिरवून घेत होता. इतका मठ्ठ विद्यार्थी मिसेस प्रिबिलना उभ्या कारकिर्दीत भेटला नसेल. तशात तो त्यांच्या वर्गात दोनदा बसला, एकदा लहानपणी आणि एकदा आता.

"मग मी हे घेण्यात काही अर्थ नाही," तो म्हणाला. "दचकायला माझं जुनंही चालेल."

"चालेल की. मग ग्रीन बे शहरातल्या एका गृहस्थाला कळवते. त्याला काचेच्या कपाटात ठेवायचंय. त्याने जास्तही देऊ केलेत."

नॉर्बर्टने विचार केला. पिस्तूल कपाटात गेलं, की पुढच्या मंगळवारी आपण काय बोलणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. आपण म्हणणार, 'ते माझ्या हातात आलं असतं, तर.' खरं कळलेलं असूनही म्हणणार. मरेपर्यंत म्हणणार. स्वतःची इतपत ओळख त्याला होती.

"नका कळवू," तो म्हणाला. "मी घेतो."

मंगळवारी सगळी लीग हजर होती. कधी न येणारे दोघेही आले. नॉर्बर्टने तीस गोळ्या मारल्या. डेल्फिनने टार्गेटं तपासली आणि नेहमीच्याच कोरड्या आवाजात वाचलं, "वाखोल्झ, दोनशे चोपन्न."

जुन्या पिस्तुलापेक्षाही कमी. गावचा प्लंबर ऑर्लिन टेस्के कॉफीचा कप घेऊन पुढे आला. "काय रे, आता कोणाचं पिस्तूल हवंय?"

सगळे हसले. नॉर्बर्टला चार उत्तरं तयार सुचली. मूठ दुसऱ्याच्या अंगठ्याची आहे. स्प्रिंग जुनी आहे. हाताला सवय व्हायला एक हिवाळा लागतो. चौथं तर फारच चांगलं होतं आणि त्यावर हशाही पिकला असता.

"पिस्तूल उत्तम आहे," तो म्हणाला. "मी दचकतो. पहिल्या दिवसापासून दचकतोय. एर्विन दर वर्षी मला ते हातात देत होता आणि मी घेत नव्हतो, कारण हेच कळेल याची भीती वाटायची."

कोणी हसलं नाही. ऑर्लिनने मान खाली घालून कप ढवळला. डेल्फिन पुढच्या टार्गेटावर वाकली होती, पण तिची पेन्सिल चालत नव्हती.

नॉर्बर्ट पिस्तूल पुसायला लागला. गेल्या मार्चपर्यंत एर्विन दर मंगळवारी त्याच्या शेजारच्या जागेवर उभा असायचा. आज सगळ्यांसमोर बोललो ते एर्विनला सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं, असं त्याला वाटलं.