वरच्या काकूंनी केलेलं केळवण

बेव्हर्ली पार्कच्या आमच्या विंगमध्ये तेव्हा फोन एकच, वरच्या काकूंकडे. माझं लग्न मोडल्याचा निरोप त्याच फोनवर आला. मुलाकडच्यांना आता हे स्थळ नको होतं. काकू शेजारीच भाजी निवडत बसलेल्या, म्हणून आई नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिली. बाबा समजूत घालायला तडक मुलाच्या गावी गेले. ते येईपर्यंत कुणाला कळता कामा नये, एकदा बोभाटा झाला की संपलंच, असं आईने मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी काकू दारात. "उद्या दुपारी पोरीचं केळवण माझ्याकडे हं."

नाही म्हणावं तर संशय. गेलो.

बघतो तर अख्खी विंग जमलेली. पाटाभोवती रांगोळी, ताटात श्रीखंड-पुरी. मी पुरीचे नुसते तुकडे करत होते. काकू वाढता वाढता माझं तोंड न्याहाळत होत्या. एरवी माझ्याशी धड न बोलणारी बाई, आज नुसती माया उतू चाललेली. "अशी का सुकलीस गं? तिकडचा काही फोन-बिन?" मग म्हणाल्या, "आता त्यांचं नाव घे बघू." समोरच्या गुजराती भाभीही मागे लागल्या, "बोलो ना, शरमाती क्यों हो?"

मेलीला सगळं माहितेय, असं वाटायचं. लगेच वाटायचं, नसेलही, बिचारी सकाळपासून राबलीय.

आई म्हणाली, "घेईल की नाव. आधी कुंकू तर लावा तिला."

काकूंनी कुंकू लावलं आणि तिथेच अडल्या. कुंकू लावलं की केळवणाचा आहेर हातात द्यायचा असतो, साधा ब्लाउजपीस का होईना. "साडी किधर है, काकी?" भाभींनी सहज विचारलं. काकूंनी श्रीखंड केलं होतं, रांगोळी काढली होती, माणसं गोळा केली होती. आहेर तेवढा आणला नव्हता. न होणाऱ्या लग्नाला आहेर कोण आणतं?

आईने माझ्याकडे बघितलं. काकू "आणते, आणते" करत आत पळाल्या.

बाबा संध्याकाळी हात हलवत परत आले. लग्न मोडलं ते मोडलंच. पण दुपारी काकू आत कपाटाची दारं आपटत आहेर शोधत होत्या, तेव्हा मी पुरी श्रीखंडात बुडवून अगदी चवीनं खात होते. माझं तोंड बघताना त्यांनाही हीच चव लागली असणार.